हात दाबला की ढेकर का येतो?

पत्र :

मी ४८ वर्षांची, सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांपासून ढेकरांनी हैराण झाले आहे. एकदा सुरू झाले की वीस-पंचवीस लागोपाठ येतात. संध्याकाळी मुलगी पाठ आणि हात दाबून देते, तेव्हा जिथे दाबेल तिथला गॅस निघतो, दर दाबाला एक ढेकर. या वर्षी पोटही फुगायला लागलंय. दुपारनंतर साडीची गाठ सैल करावी लागते. यंदा चातुर्मासात कांदा-लसूण बंद केला तेव्हा पोट जरा हलकं होतं, ढेकर मात्र तसेच. दुर्बिणीची तपासणी झाली, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. सकाळी उपाशीपोटी गॅसची गोळी चालू आहे, रोज रात्री फ्रूट सॉल्टची पुडी घेते. शुगर आहे. गेल्या दिवाळीनंतर त्याची एक गोळी वाढवली. डाळी, भात, बटाटा, दूध सगळं सोडून पाहिलं. डॉक्टर म्हणतात काही नाही, घरचे म्हणतात तुझ्या मनात आहे. हल्ली स्टाफरूममध्ये मी खिडकीजवळ एकटीच डबा खाते. हा एवढा गॅस बनतो तरी कुठे?

– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर :

ताई,

कांदा-लसूण बंद झाला की पोट हलकं होतं आणि ढेकर तसेच राहतात, हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मी मात्र त्या वाक्यापाशीच थांबले. तुम्हाला एक त्रास नाही, दोन आहेत. पोटाच्या वरचा वेगळा आणि खालचा वेगळा. आपल्याकडे दोघांनाही ‘गॅस’च म्हणतात, त्यामुळे ते एक वाटतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला देण्यात वर्षं जातात.

आधी ढेकरांचं बोलू. ढेकरातली हवा पोटात बनलेली नसते, ती बाहेरचीच असते. आपण घास गिळतो, पाणी पितो, नुसती लाळ गिळतो, तेव्हा दर वेळी थोडी हवा आत जाते. जठराच्या वरच्या भागात ती साठते, जठर ताणलं की अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप क्षणभर सैल पडते आणि हवा वर येते. असे ढेकर दिवसभरात पंचवीस-तीस आले तरी त्यात आजार काही नाही.

पण लागोपाठ वीस-पंचवीस यायचे तर जठरात तेवढी हवा हवी ना? ती नसते. २००४ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या अन्ननलिकेत बारीक नळी ठेवून हवा कुठून कुठे जाते ते मोजलं. हवा आधी वरून अन्ननलिकेत ओढली जात होती आणि साधारण सेकंदाभरात तशीच बाहेर फेकली जात होती. जठरापर्यंत ती पोचतही नव्हती. तुमच्या पत्रातलं वर्णन मला हुबेहूब त्या प्रकारचं वाटतं.

दुर्बिणीत काही सापडलं नाही ते यामुळेच. दुर्बिणीतून व्रण दिसतो, सूज दिसते, गाठ दिसते. गळ्याच्या आणि छातीच्या स्नायूंनी लावून घेतलेली सवय तिच्यातून दिसणार नाही. डॉक्टरांच्या ‘काही नाही’चा अर्थ ‘धोक्याचं काही दिसलं नाही’ एवढाच घ्या, आणि घरच्यांनाही एवढाच घ्यायला सांगा. तुम्ही हे मुद्दाम करत नाही. डोळ्यांची उघडझाप करतो तितक्याच नकळत हे होतं, आणि वीस ढेकरांनंतर छाती दुखते, घसा सोलवटतो, तो त्रास अगदी खरा आहे.

उद्या संध्याकाळी ढेकर सुरू झाले की मोबाईल समोर टेकवून आपलाच व्हिडिओ घ्या, मान आणि छाती दिसेल असा. नंतर तो सावकाश बघा. प्रत्येक ढेकराच्या आधी हनुवटी किंचित हलते, गळ्याचे स्नायू ताठ होतात, छाती जराशी वर उचलली जाते. हवा आत जाते ती तेव्हा. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक जणींना आधी हे पटत नाही. व्हिडिओ पाहिला की त्या गप्प होतात आणि मग विचारतात, “म्हणजे मीच घेते होय?” हो, तुम्हीच घेता, पण तुम्हाला न कळत. आणखी एक बघायचं. वर्गात शिकवायच्या ओघात असताना ढेकर येतात का? रात्री गाढ झोपेत येतात का? ते यजमानांना विचारा. दोन्हींचं उत्तर नाही आलं तर माझा अंदाज आणखी पक्का होईल.

आता हात दाबण्याचं. हा समज आपल्याकडे घरोघरी आहे. गॅस डोक्यात चढला, गुडघ्यात भरला, पाठीत अडकला. मी लहानपणी माझ्या आजीचे पाय दाबले आहेत आणि दर दाबाला तिचा ढेकर ऐकला आहे, त्यामुळे तुम्हाला काय वाटत असेल ते मला माहीत आहे. पण दंडातून पोटाकडे जाणारी नळी शरीरात नाही. आतड्यात तयार झालेला थोडा वायू रक्तात शोषला जातो हे खरं आहे, पण तो फुप्फुसांत येऊन श्वासाबरोबर निघून जातो. दूध पचतंय की नाही हे तपासताना श्वासातला हायड्रोजन मोजतात तो त्यामुळेच. स्नायूंत किंवा सांध्यांत तो साठून राहत नाही. दाबलं की ढेकर येतो, कारण आता निघेल अशी वाट बघत शरीर त्याच क्षणी हवा ओढतं. बहुतेकांचं सुरू असंच होतं. कधीतरी पोट खरंच फुगलेलं असतं, एक ढेकर येतो, बरं वाटतं. शरीर ते लक्षात ठेवतं आणि पुढे कसलीही अस्वस्थता आली, कामाचा ताण असो की मान आखडलेली असो, त्याच वाटेने उतारा शोधतं.

यावर गोळी नाही. श्वासाचा एक व्यायाम आहे, तो मन लावून केला तर चांगला उपयोग होतो. उताणं झोपा, गुडघे उभे करा, एक हात छातीवर आणि एक बेंबीवर ठेवा. नाकाने श्वास घेताना मनात चार अंक मोजा. पोटावरचा हात वर यायला हवा, छातीवरचा शक्यतो हलायला नको. मग ओठ जरा विलग ठेवून सहा अंक मोजत सावकाश श्वास सोडा. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं. आठवडाभरात पोट आपसूक हलायला लागलं की हेच बसून करा, जेवणानंतर करा, आणि ढेकराची उबळ आली की त्याच क्षणी करा. त्या वेळी तोंड किंचित उघडं हवं आणि जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकलेलं. हवा आत ओढायला तोंड मिटून छाती उचलावी लागते. तोंड उघडं असेल आणि श्वास पोटाने चालू असेल तर ते नीट जमतच नाही. उबळ फारच जोराची असेल तर पेन दातांत आडवं धरून बसा. स्टाफरूममध्ये शिक्षिकेच्या दातांत पेन दिसलं म्हणून कुणी वळूनही बघणार नाही!

सहा ते आठ आठवडे द्या. एकटीने जमत नसेल तर स्पीच थेरपिस्टकडे जा. बोलण्याच्या दोषांवर उपचार करणारी ही मंडळी गळा आणि श्वास यांतलीच जाणकार असतात. सांगली-मिरजेत मोठी रुग्णालयं आहेत, तिथे चौकशी करा.

तुमची सकाळची ‘गॅसची गोळी’ बहुधा पँटोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोल असेल. नाव आपण दिलंय गॅसची गोळी, काम तिचं आम्ल कमी करणं. हवेवर तिचा काही परिणाम नाही. जळजळ किंवा आंबट पाणी वर येण्याचा त्रास नसेल तर ती इतकी वर्षं कशासाठी चालू आहे हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. एकदम बंद केली तर काही दिवस आम्ल उसळतं, म्हणून त्यांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.

फ्रूट सॉल्टची रोजची पुडी मात्र आजपासून थांबवा. त्यात खायचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड असतं. पाण्यात जे फसफसतं तो कार्बन डायऑक्साइड. तो प्यायल्यावर मोठा ढेकर येतो, बरं वाटतं, पण तो गॅस पुडीनेच आत घातलेला असतो. म्हणजे जी सवय मोडायची आहे तिला रोज रात्री खतपाणी मिळतंय. शिवाय ५ ग्रॅमच्या एका पुडीत साधारण ०.८ ग्रॅम सोडियम जातं. जागतिक आरोग्य संघटना अख्ख्या दिवसात २ ग्रॅमपेक्षा कमी घ्यायला सांगते. शुगरवाल्या माणसाचं ब्लडप्रेशर आणि किडनी आधीच जपावी लागते.

हवा गिळली जाते अशा जागाही बघा. वीस मिनिटांच्या सुट्टीत वह्या बाजूला सारून, बोलत बोलत सात-आठ मिनिटांत संपवलेला डबा. बाटली वर धरून, ओठ न लावता घटाघटा प्यायलेलं पाणी. हे आपण स्वच्छतेसाठी करतो, पण दर घोटाला हवेचा गोळा आत जातो. शाळेत आपला पेला न्या आणि ओठ लावून प्या. चहा फुरकून पिऊ नका.

आता खालचा त्रास, फुगारा. हा वायू मात्र खरोखर आत बनतो. लहान आतड्यात जे पचत नाही ते मोठ्या आतड्यात उतरतं, तिथले जिवाणू ते आंबवतात, त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटात मिथेन तयार होतो. हे प्रत्येकाच्या पोटात होतं. दिवसातून दहा ते वीस वेळा वारा सरणं हे निरोगी माणसाचं प्रमाण आहे. आपल्या शिक्षिका दिवसभर ते दाबून बसतात, शाळेतलं स्वच्छतागृह बरं नसेल तर शौचालाही जात नाहीत, आणि संध्याकाळी पोट डब्ब होतं. तुमचा कोठा रोज साफ होतो का हे तुम्ही लिहिलेलं नाही. होत नसेल तर आधी तिकडे बघा. शौच तुंबलं की वायूही तुंबतो. जेवणानंतरची शतपावली आतड्याला चालना देते आणि शुगरलाही चांगली.

कांदा आणि लसणात फ्रुक्टान नावाची शर्करा असते. माणसाला ती पचवता येत नाही, ती सगळी जिवाणूंच्या वाट्याला जाते. गव्हातही ती असते. चातुर्मासात तुम्हाला बरं वाटलं ते या कारणाने. अशा पदार्थांचा पद्धतशीर अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात झाला आहे. त्यांची पद्धत अशी की काही आठवडे हे पदार्थ बंद ठेवायचे, मग एकेक परत आणून बघायचा आणि शेवटी जो बाधतो तेवढाच कमी करायचा. पहिली पायरी आपण चातुर्मासात करतो. पण कार्तिकी झाली की कांदाभजी, लसणाची चटणी, भरली वांगी सगळं एकाच आठवड्यात परत येतं आणि नेमकं कशाने बिघडलं ते कळायला वाव राहत नाही. या वेळी कार्तिकीनंतर आधी फक्त शिजवलेला कांदा आणा, थोडा. आठवडाभर बघा. मग लसूण. लसूण बाधला तरी त्याचा वास सोडायची गरज नाही. फ्रुक्टान पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. अख्ख्या पाकळ्या फोडणीच्या तेलात परता आणि काढून टाका, आमटीला स्वाद राहतो.

तुम्ही डाळी सोडल्या याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. शुगर असलेल्या, मांसाहार कमी करणाऱ्या बाईने डाळ सोडली तर प्रथिनं आणायची कुठून? डाळींत, कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा शर्करा असतात आणि त्या फोडणारं पाचकद्रव्य आपल्या शरीरात नाही. पण त्या पाण्यात बऱ्याच विरघळतात आणि मोड येताना बीज स्वतःच त्या वापरून टाकतं. म्हणून हरभरा, राजमा, छोले रात्रभर भिजवा आणि ते पाणी फेकून द्या, त्यातच शिजवू नका. मटकीला चांगले लांब मोड येऊ द्या. सुरुवात मुगाच्या डाळीच्या वाटीभर पातळ वरणाने करा, हिंगाची फोडणी द्या, आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. रोज थोडं थोडं मिळत गेलं की आतडंही जुळवून घेतं. वाल-पावटे सगळ्यात शेवटी.

भातही उगाच सोडलात. गॅसच्या बाबतीत तांदूळ हे सगळ्यात निरुपद्रवी धान्य आहे. शुगरसाठी किती खायचा हा हिशोब वेगळा. चपातीने जड वाटत असेल तर तुमच्याकडच्या शाळूची भाकरी खाऊन बघा. दुधाचं उत्तर दोन आठवड्यांत मिळतं. पूर्ण बंद करा, मग एक दिवस पेलाभर पिऊन बघा. दूध बाधणाऱ्यांनाही दही-ताक बहुधा सोसतं, कारण विरजणातले जिवाणू दुधातली बरीच साखर आधीच खाऊन टाकतात.

आणि ती दिवाळीनंतर वाढवलेली गोळी. नाव तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून पाकीट काढून मागचा बारीक मजकूर वाचा. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे शब्द सापडले तर फुगाऱ्याचं मोठं कारण तेच असू शकतं. ही औषधं पिष्टमय पदार्थ लहान आतड्यात फुटू देत नाहीत, त्यामुळे जेवणानंतरची शुगर कमी चढते. पण न फुटलेलं ते सगळं खाली जिवाणूंकडे जातं. मेटफॉर्मिननेही काहींचं पोट बिघडतं. त्याचा सावकाश विरघळणारा प्रकार मिळतो, तो जास्त सोसतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पोट कधीपासून फुगतंय ते तारखेनिशी सांगा. एक जपायची गोष्ट सांगून ठेवते. व्होग्लिबोज चालू असताना शुगर अचानक उतरली तर साखर लवकर काम करत नाही, ग्लुकोज पावडरच घ्यावी लागते. डबीभर घरात ठेवा. आणि ‘शुगरफ्री’ बिस्किटं-चॉकलेटं खात असाल तर त्यांतलं सॉर्बिटॉल, माल्टिटॉल हेही पोट फुगवतं.

इथवरचं सगळं सबुरीने करायचं आहे. पुढचं तसं नाही.

माझ्या वडिलांना एका रात्री छातीत भरून आलं. ढेकर येत होते. त्यांनी सोडा प्यायला, आईने पाठ चोळली, गॅस झालाय म्हणून दोघं पहाटेपर्यंत बसून राहिली. सकाळी ईसीजीत हार्ट अटॅक निघाला. ते वाचले, पण त्या सहा तासांत हृदयाचा जो भाग गेला तो परत आला नाही. पुढची नऊ वर्षं त्यांना जिना चढताना मी पाहिलंय. शुगर असलेल्यांना आणि बायकांना हार्ट अटॅकमध्ये छातीत जोराची कळ येईलच असं नाही. पोटाच्या वरच्या भागात दडपण, मळमळ, ढेकर, दरदरून घाम, दम लागणं, जबडा किंवा डावा हात भरून येणं, एवढंच असू शकतं. चालताना, चढावर छाती भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, हाही गॅस नव्हे. तुमच्या नेहमीच्या ढेकरांपेक्षा वेगळं असं काही झालं तर पुडी नाही, ओवा नाही, चोळणं नाही. १०८ ला फोन करा आणि ईसीजी काढा. तो नॉर्मल निघाला तर फार चांगलं.

न घाबरता पण लगेच डॉक्टरांकडे जावं अशा आणखी काही गोष्टी आहेत. प्रयत्न न करता वजन उतरणं, गिळताना घास अडकणं, काळं किंवा रक्ताचं शौच, रक्त कमी होणं, पोटदुखीने झोपमोड. तुमच्या वयात पोट महिन्यातले बारा-पंधरा दिवस फुगलेलं राहू लागलं, दोन घासांत भरू लागलं, लघवीला वारंवार जावं लागलं, तर ‘गॅस’ म्हणून सोडून देऊ नका. ओटीपोटाची सोनोग्राफी करून अंडाशय बघून घ्यावेत. तुमची सोनोग्राफी फुगारा सुरू व्हायच्या आधीची असेल तर ती पुन्हा करून घ्या.

खिडकीजवळचा डबा उचला आणि पुन्हा मैत्रिणींत जाऊन बसा. हे लाजेचं दुखणं नाही, आणि ढेकर आपल्याकडे कुणी पहिल्यांदा ऐकत नाही. एखादीला विश्वासात घेऊन सांगितलंत तर मनावरचा ताण उतरेल, आणि ताण उतरला की ढेकरही कमी होतात.

मुलगी संध्याकाळी पाठ दाबून देते ते तिला बंद करायला लावू नका. मान-खांदे दिवसभर फळ्यासमोर आखडतात, तिथे तिचे हात बरेच वाटणार. फक्त आधी दहा मिनिटं तिला शेजारी बसवा, तिचा तळवा तुमच्या बेंबीवर ठेवायला सांगा आणि अंक तिलाच मोजू द्या. हात वर आला की नाही, ते ती सांगेल.